मी जहाजाचा कप्तान नाही

पंचवीस वर्षं मी लोकांची कुलपं उघडतोय आणि किल्ल्या बनवतोय. त्यामुळे माझं काही कोणी चोरणं शक्यच नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. दुकानाला तीन कुलपं, घराला चार, आणि फोनचा पासवर्ड इतका अवघड की मलाच तो बायकोला विचारावा लागतो.

त्या मंगळवारी एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आल्या. पेशाने फिजिओथेरपिस्ट. मी मशीनवरून मान वर केली आणि बाईंच्या हातातली पर्स खाली पडली.

"तुम्ही तर समुद्रात होतात ना?"

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त कुलपं होती.

"मी?"

"काल संध्याकाळीच लिहिलंत, वादळ आहे म्हणून. चार महिने फोनवर बोलत नाही, रेंज नाही म्हणता, आणि इथे बसून किल्ल्या कापताय?"

आमची ही बाजूला किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होती. तिचा दोरा हवेतच थांबला.

बाईंनी फोन पुढे केला. डेटिंगच्या ॲपवर माझाच फोटो! दोन वर्षांपूर्वी नावेत काढलेला, मेहुण्याने हौसेने इंटरनेटवर टाकलेला. डोक्यावर कप्तानाची टोपी चिकटवलेली आणि खांद्यावर एका बाईचा हात, मनगटापाशी कापलेला.

"हा हात कोणाचा म्हणे?" हिने विचारलं.

"त्यांच्या दिवंगत पत्नीचा," बाई हळहळल्या. "फार सोसलं हो बिचारीने."

ही स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "मी कशाने गेले?"

"काविळीने."

"अहो, मला कावीळ कधी झाली होती?" हिने मलाच विचारलं आणि मीही क्षणभर आठवून पाहिलं.

मग हळूहळू उलगडा झाला. बाई स्टुलावर बसल्या. बंदराच्या पाससाठी म्हणून त्यांनी कप्तानाला ओळखपत्राची प्रत, सही, पत्ता, सगळं पाठवलं होतं. "आणि आठवडाभर तो रोज सांगतोय, आज निळा ड्रेस छान दिसला, आज उशिरा निघालीस. मला वाटलं, मनानेच ओळखतात."

आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. सायबर विभागाच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बसा. तुम्हालाच शोधत होतो." या चेहऱ्याविरुद्ध आणखी तीन बायकांची तक्रार होती.

"साहेब, मी कप्तान नाही."

"पकडल्यावर कोणीच नसतो."

"हे माझे मिस्टर आहेत," ही पुढे झाली.

साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "पत्नी मृत लिहिलंय."

"ती मीच."

साहेब ग्लासभर पाणी प्यायले.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि फोन टेबलावर ठेवला. कप्तानाचा निरोप होता : 'प्रिये, पोलीस ठाण्यात काय करतेस?'

साहेबांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. दोन्ही टेबलावर होते, रिकामे.

"त्याने तुम्हाला एखादं ॲप टाकायला सांगितलं होतं का?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"जहाज कुठे आहे ते दिसावं म्हणून."

"जहाज नाही, तुम्ही दिसत होतात. कॅमेऱ्यासकट. आता घाबरू नका. लिहा, पर्स हरवली."

बाईंनी लिहिलं. पुढचे नऊ दिवस बाई त्या भामट्याला गोड गोड निरोप लिहीत राहिल्या, शेजारी कॅमेऱ्यात न येता साहेब आणि धीराला आमची ही. त्याच ॲपच्या धाग्यावरून तो सापडला, एका भाड्याच्या खोलीत. बाईंच्या नावावर त्याने दोन सिमकार्डं काढली होती, ती वेळीच बंद झाली. बाई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

आता खरं सांगायचं तर, त्या नऊ दिवसांत मी आरशासमोर जरा जास्तच उभा राहत होतो. एवढ्या मोठ्या इंटरनेटवर माणसाने माझाच चेहरा निवडावा, म्हणजे काहीतरी असणारच. ओळख पटवायला बोलावलं तेव्हा मी सहज म्हणून त्याला विचारलं, "माझाच फोटो का रे?"

"देखणा फोटो लावला की बायका संशय घेतात," तो म्हणाला. "तुमचं तोंड बघून वाटतं, याला खोटं बोलायची अक्कल असणं शक्य नाही."

साहेबांनी ते जबाबात लिहून घेतलं. खाली साक्षीदार म्हणून हिने सही केली, अगदी न वाचता.