हळू बोला, मॅडम झोपल्या

जेवणं आटोपली आणि माधवी मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं जरा पाठ टेकते हं. मग तुमचं भजन ऐकू." चंद्रभानजींनी स्वतःच्या हातानं ओसरीवर खाट टाकली, नवी सतरंजी अंथरली, कूलरचं तोंड खाटेकडे वळवलं आणि वर "आरामात, आरामात" असंही म्हणाले. आता पाहुण्याला असं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण त्या दिवशी तेवढं एक म्हणायला नको होतं.

मॅडम मुंबईहून आल्या होत्या. एका मोठ्या कंपनीची दान देणारी संस्था होती. ती गावोगावच्या छोट्या मंडळांना निधी द्यायची आणि कुणाला द्यायचा हे मॅडम जागेवर येऊन, पाहून ठरवायच्या. दर्यापूरकडच्या टाकळीच्या खंजिरी भजनी मंडळानंही अर्ज केला होता. केला म्हणजे अमरावतीला शिकणाऱ्या पुतणीनं, रागिणीनं, कॉम्प्युटरवर केला; अध्यक्ष चंद्रभानजींनी फक्त फोटोसाठी छाती पुढे काढली.

मंडळाची दशा वाईट होती. पेटीचा भाता फाटला होता. एक सूर धरला की तिला धाप लागायची. नवी पोरं फिरकत नव्हती. आणि मंडळाचा हुकमी खंजिरीवाला देवानंद, "यंदा जमलं नाही तं मी परतवाड्याच्या डीजेवाल्याकडे जातो," असं सांगून बसला होता. देवानंद गेला की मंडळ बसलंच. चंद्रभानजी मात्र मुळात स्वप्नाळू माणूस. सोयाबीनच्या ओळींतून बैलांचा डवरा हाकता हाकता त्यांना दिसायचं, की मारुतीच्या ओट्यावर गावातली पोरंपोरी नव्या खंजिऱ्या घेऊन बसली आहेत, नवी पेटी भरून वाजते आहे, आणि आपण नुसते खांबाला टेकून ऐकतो आहोत. असं दिसायला लागलं की बैल आपोआप थांबायचे. त्यांनाही सवय झाली होती.

"काका, कागदबिगद मी पाहून घेतो," रागिणीनं बजावलं होतं. "तुमी फक्त त्याहिले एक भजन ऐकवा. तेवढं झालं का काम फत्ते."

पण भजनाआधी जेवण. चंद्रभानजींच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, गोवऱ्यांवर रोडगे भाजले होते, वर वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची धार. पाहुण्याचं पोट भरलं की नाही हे पाहुण्याला ठरवू द्यायचं नाही, ही टाकळीची रीत. मॅडम "पुरे, पुरे" म्हणत राहिल्या आणि पार्वताबाई "तुमी जेवल्याच कोठी!" म्हणत वाढत राहिल्या. एवढं पोटात गेल्यावर वैशाखाच्या दुपारी, कूलरपुढं, माणूस दुसरं काय करणार? मॅडमना मिनिटभरात गाढ झोप लागली. त्यांचा ड्रायव्हर कुंदन तर गाडीत आधीच घोरत होता.

अंगणातल्या कडुनिंबाखाली मंडळ तयार बसलं होतं. पांढरे शर्ट, भगवे फेटे, हातात खंजिऱ्या. खंजिरीला झांजा असतात. माणूस नुसता हलला तरी त्या छुमछुम करतात. त्यामुळे सगळे खंजिरी छातीशी दाबून श्वास रोखल्यासारखे बसले होते.

"उठवा ना त्याहिले," पार्वताबाई कुजबुजल्या.

"काय बोलतं व! आपल्या घरी जेवून झोपलेल्या पाहुण्याले उठवाचं? लोक तोंडात शेन घालतीन."

"मंग भजनाचं काय?"

"उठतीन ना. पाच मिनिटं म्हनल्या त्या."

एवढ्यात चौकातली नितेशची पिठाची गिरणी सुरू झाली. खाटेवर मॅडमनी कूस बदलली. चंद्रभानजी चप्पल न घालता धावले. "नितेश, बंद कर! मॅडम झोपल्या!" नितेशनं पट्टा काढला. गावाला निधी मिळायचा तर कोण नाही म्हणेल? अर्ध्या दळणाचा डबा घेऊन आशाबाई ते प्रकरण पाहायला आल्या. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं खाली माना घालून गप्प बसलेली, ओसरीवर खाट, खाटेवर कुणीतरी निपचित. आशाबाईंनी डबा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि गळा काढायला तोंड उघडलं. पार्वताबाईंनी झडप घालून ते तोंड दाबलं.

"कोनी गेलं नाही व माय! मुंबईच्या मॅडम झोपल्या."

"अव्वा!" आशाबाईंनी डोळे पुसले. "आता आलीच हावो तं बसतो जराशी."

आणि त्या बसल्या. त्यांना बसलेलं पाहून आणखी चार जणी बसल्या. मग दर्यापूरची जीप आली. देवानंद वेशीवरच आडवा आला. "इंजन बंद! हॉर्न मारू नोको!" ड्रायव्हर गोंधळला. "पन सवाऱ्या चौकात उतराच्या हायेत ना गा." मग सवाऱ्या वेशीवरच उतरल्या आणि त्यांनीच जीप ढकलत गावातून नेली. भाडं देऊन जीप ढकलायची वेळ आली तरी एक शब्द कुणी मोठ्यानं काढला नाही. उलट जीप ठिकाणावर लावून निम्मे लोक काय चाललंय ते बघायला अंगणात येऊन बसले.

खरा घोटाळा पाण्याचा झाला. टाकळी खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरींचं पाणी खारट. गोड पाण्याचा नळ येणं म्हणजे सणच. नळ आला की पंचायतीचा शिपाई भोंग्यावरून ओरडतो. त्या दिवशी देवानंदनं भोंग्याची वायरच काढली. नळ आला, नाल्या भरून वाहिला आणि गेला. चतुराबाईंना कळलं तेव्हा त्या रिकामी घागर घेऊन, लालबुंद होऊन चंद्रभानजींसमोर उभ्या ठाकल्या. एरवी चतुराबाईंचा आवाज शेजारच्या गावात जातो. पण खाटेवरच्या मॅडमकडे पाहून त्यांनी सगळं भांडण कुजबुजून केलं.

"तुमच्या भजनापायी माह्या घरात प्याले पानी नाही! चुलीत जाय तुमचं भजन!"

"चतुराबाई, माह्या घरचं पानी नेजा. पन हळू."

"हळूच तं बोलून राहिलो ना मी!"

शिव्या तशाच कडक होत्या, फक्त आवाज नव्हता. मनासारखं भांडता न आल्यानं चतुराबाईंना दम लागला आणि त्यादेखील आशाबाईंच्या शेजारी टेकल्या.

चंद्रभानजींच्या खिशात फोन थरथरला. ते गोठ्यात गेले.

"काका, झालं का भजन?"

"मॅडम झोपल्या."

"झोपल्या? उठवा त्याहिले! बडनेऱ्याहून त्याहिची संध्याकाळची गाडी हाय!"

"रागिणी, हळू बोल."

"मी अमरावतीत हावो काका!"

चंद्रभानजी परत येऊन ओसरीच्या पायरीवर बसले. आता उठवावं, असं त्यांना शंभरदा वाटलं. एकदा खाटेजवळही गेले. मॅडमच्या चेहऱ्यावरचा थकवा उतरला होता, तोंड किंचित उघडं होतं, हात उशीखाली. माहेरी आलेल्या लेकी झोपतात तशा. त्यांच्यानं हात लावेना. ते पाय न वाजवता मागे फिरले.

मग गावात असं काही झालं, जे कित्येक वर्षांत झालं नव्हतं. गाव गप्प झालं. देवळाच्या कळसावरचे पारवे घुमत होते ते ऐकू आले. चिंचेचं बोटुक कौलावर पडलं ते ऐकू आलं. उन्हाची झळ अंगणावरून वाहत होती, कडुनिंबाची बारीक फुलं फेट्यांवर, खंजिऱ्यांवर, चतुराबाईंच्या रिकाम्या घागरीत पडत होती. एकेकाची मान लवू लागली. चंद्रभानजींचे डोळे उघडे होते, पण ते इथं नव्हते. त्यांना मारुतीचा ओटा दिसत होता, पोरांची रांग दिसत होती, नव्या पेटीचा भरलेला सूर छातीत शिरत होता. किती गोड वाजत होती पेटी! त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं तेही त्यांना कळलं नाही.

मॅडम उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. त्या दचकून बसल्या. समोर अख्खं गाव. बाया, म्हातारे, जीपच्या सवाऱ्या. कुणी बोलेना, दुपारभर गप्प राहून सगळ्यांची बोलायची सवयच मोडली होती.

"बापरे! मला उठवलं नाही कुणी?" मॅडम खाटेवरून उतरल्या. "माझ्या घराखाली रात्रंदिवस रस्त्याचं काम चालतं हो. अशी झोप मला कधी लागली ते आठवतसुद्धा नाही. तुम्ही सगळे माझ्यासाठी…"

"मॅडम, बडनेऱ्याची गाडी सुटेल," जागा झालेला कुंदन ओरडला.

"मॅडम, एक भजन…" चंद्रभानजींच्या ओठांवर आलं होतं. पण घाईतल्या पाहुण्याला अडवायचं कसं? तेवढ्यात पार्वताबाईंनी मॅडमची ओटी भरली, पिशवीत तुरीची डाळ घातली, आणि गाडी धूळ उडवत गेली. खंजिरीवर एक थाप पडली नव्हती.

"परतवाड्याले फोन करतो मी," देवानंद म्हणाला. चंद्रभानजी सतरंजीची घडी करू लागले.

पुढं पेरणीच्या सुमारास, मंडळ सांजेला ओट्यावर बसलेलं आणि बायाही दर्शनाला जमलेल्या असताना मॅडमचा फोन आला. देवानंदही आज जातो, उद्या जातो म्हणत अजून तिथंच होता. चंद्रभानजींनी स्पीकर लावला.

"चंद्रभानजी, अभिनंदन! निधी मंजूर झाला!"

ओट्यावर एकच गलका झाला. पार्वताबाईंनी देवाला हात जोडले.

"फक्त एक छोटा बदल आहे," मॅडम म्हणाल्या. "भजनाच्या यादीत फार मंडळं होती. मी तुम्हाला 'शांत गाव' या यादीत घातलं. तिथं तुमच्यासारखं दुसरं गाव नाही! झाडं लावा, बाकं टाका. त्या दिवशी गावाला गप्प कुणी बसवलं, ते रागिणीनं सांगितलं मला. त्या देवानंदनी बाकीच्या गावांना शांत राहायला शिकवायचं, त्याचं मानधन मिळेल. अट एकच. वाद्यं, भोंगे, मोठ्यानं गाणं, असलं काही गावात नको."

मानधन ऐकून देवानंदची मान वर झाली होती. ती पुन्हा खाली गेली. चंद्रभानजी फोनकडे बघत राहिले. एवढी वर्षं स्वप्नात पेटी वाजली, आणि पैसे आले ते पेटी बंद करायला! नाही म्हणावं तर मंडळ मोडतं, हो म्हणावं तरी मोडतंच. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "मॅडम, गैरसमज झाला. आमी शांत नाही हो. आमी लय आवाजी मानसं हावो. तुमी झोपल्या होत्या म्हून…"

देवानंदनं त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या हातातल्या खंजिरीकडे पाहिलं, आणि मानधन गेलं खड्ड्यात म्हणत अशी थाप मारली की कळसावरचे सगळे पारवे उडाले. पाठोपाठ बाकीच्या खंजिऱ्या उठल्या. धापा टाकणारी पेटी उठली. चतुराबाईंनी तर त्या दुपारचा राहिलेला आवाजसुद्धा काढून घेतला. भजन संपलं तेव्हा चंद्रभानजींना रडू आवरत नव्हतं.

फोन अजून चालूच होता.

"चंद्रभानजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "हे सगळं त्या दिवशी कुठं होतं?"

"तुमच्या उशाशी गप बसून होतं, मॅडम."

पलीकडे मॅडम हसल्या की रडल्या, ते नीट कळलं नाही. "संस्थेच्या समितीपुढं मी परत मांडते. शब्द देत नाही, पण प्रयत्न करते. मात्र नियमानं मला पुन्हा पाहणीला यावं लागेल."

"या ना मॅडम, घर तुमचंच हाय!" चंद्रभानजी लगेच फुलले. "जेवाले काय करू? रोडगेच करू का याही खेपेले?"

पार्वताबाईंनी त्यांच्या हातातून फोन हिसकावला. त्या घरात आलेल्या पाहुण्याला कुणी कधी असं बोललं नव्हतं.

"मॅडम, येजा. पन पहिले भजन, मंग जेवन."