गब्रूची आंघोळ

सलग सहा रात्री शाम्पूच्या कारखान्यात थर्ड शिफ्ट करून हौसराव सातव्या सकाळी कवठे येमाईला घरी आला, तेव्हा त्याला या जगाकडून एकच गोष्ट हवी होती. झोप. आज त्याची सुट्टी होती. भल्या मोठ्या टाकीत शाम्पू घुसळताना त्याने याच झोपेची स्वप्ने पाहिली होती, तीही उभ्याने.

डोळा लागतो न लागतो तोच वडील, ज्योतिबाआप्पा, उशाशी आले.

"हौश्या, उद्या जत्रंत गब्रूला शर्यतीत पळवायचाय. त्याला धुतो. तू आणल्याल्या दोन क्यानांतला कंचा घिऊ?"

"घ्या कुठला पण," हौसराव कूस बदलत म्हणाला. माणसाने झोपेत सही करू नये आणि उत्तरही देऊ नये.

तासाभराने बायकोने, म्हाळसाने हलवले. "अवं, शाम्पूला फेसच येईना."

"मग आणखी वता म्हणावं."

आप्पांनी आणखी ओतले. फेस नाही म्हणजे मळ निघाला नाही, हे त्यांचे पक्के मत. असे करता करता पाच लिटरचा क्यान बैलावर रिकामा झाला. धुवायला मोटारीची नळी हातात घेतली आणि लाइट गेली.

"अवं उठा! गब्रू सुटला!"

हौसराव बनियनवरच धावला. दावे इतके बुळबुळीत झाले होते की गाठ आपोआप सुटली होती आणि धरेल त्याच्या मुठीतून ते सुळकन निसटत होते. बैल शेजारच्या साहेबरावांच्या झेंडूत शिरला. हौसरावाने रिकामा क्यान हुंगला आणि मटकन खाली बसला.

"आप्पा, हे कंडिशनर हाय! शाम्पूनं मळ निघतो. हे त्याच्यामागनं जरासं लावायचं, केस मऊ व्हायला. ह्याला जन्मात फेस येत न्हाई!"

"मग इचारलं तवा काय म्हनला व्हतास?"

हौसराव उठून पुन्हा बैलामागे लागला.

साहेबराव तणतणत आले. "माझा झेंडू तुडीवला..." बैलाला हाकलायला त्यांनी पाठीवर हात टाकला आणि तो तिथेच राहिला. "आयला, काय मऊ झालाय रं! ज्योतिबा, उरलंय का थोडं? आमच्या म्हशीला व्हईल."

त्यांनीच पेंडीची पाटी दाखवून गब्रूला परत आणले. एवढी साधी युक्ती बाकी कुणालाच सुचली नव्हती.

लाइट रात्री यायची होती. पाणी विहिरीतून शेंदायचे, आणि ते क्यान आणणाऱ्याने, असे ठरले. हौसरावाने चाळीस बादल्या ओढल्या. तरी फेस पाहिल्याशिवाय आप्पांचे समाधान होईना. मग दुसऱ्या क्यानातला शाम्पू लावला, पांढराशुभ्र फेस आला आणि तो काढायला आणखी तीस बादल्या गेल्या.

दुपारी गब्रू लिंबाखाली बसला आणि त्याने डोळे मिटले. घरापर्यंत जायचे त्राण नसलेला हौसराव त्याच्याच कुशीला टेकला. बैल खरोखरच मऊ होता. पापण्या जड झाल्या.

तेवढ्यात म्हाळसा जेवायला हाका मारत आली. आप्पांनी हळूच तिला थांबवले.

"वरडू नगंस. लई दमलाय बिचारा. आत्ता कुठं डोळा लागलाय."

हौसरावाला भरून आले. सहा रात्रींनंतर का होईना, बापाला लेकराची कीव आली होती.

"उद्या पळायचंय त्याला," आप्पा कुजबुजले. "तू हौश्याला तेवढं उठीव. बैलावर वजन पडतंय."