काकांच्या मागे वाघ

शांत डोक्याचा माणूस बघायचा असेल तर माझ्याकडे बघा, असं मी त्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्यांना सांगत असे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेली माणसं आत आरडाओरडा करतात आणि मी दाराच्या फटीला तोंड लावून म्हणतो, "घाबरू नका, मी इथेच आहे!" अर्धं काम या एका वाक्यावर होतं. उरलेलं अर्धं पान्याने.

माझी थोरली बहीण प्राथमिक शाळेत बाई आहे. आठवड्यातून एकदा ती दुसरीचा अख्खा वर्ग उचलून शाळेमागच्या रानात नेते. छप्पर नाही, फळा नाही, बाकं नाहीत. काही पालकांची कुरकुर सुरू झाली, मुलांच्या खिशातून गोगलगायी निघतात म्हणे! शेवटी हेडसर म्हणाले, "बाई, मी स्वतः येऊन बघतो. मुलं सुरक्षित वाटली तर रान चालू, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून सगळे बाकांवर."

आणि नेमक्या त्याच दिवशी ताईच्या मदतीला येणाऱ्या बाई तापाने झोपल्या.

"तू येशील का रे?" ताईचा फोन. "पण मी सांगेन ते नीट ऐकशील?"

"ताई, माझ्यावर सोड आणि निर्धास्त राहा!"

रानाच्या वाटेवर ताई बरंच काही सांगत होती. इथले नियम, इथे मुलांना कशी हाक मारायची, असलं काहीतरी. मला तेव्हा तळमजल्यावर अडकलेल्या एका लिफ्टचा फोन आला होता. मी एका कानाने फोन ऐकला आणि दुसऱ्या बाजूने ताईकडे बघून मान डोलावली.

पण खरं सांगतो, रानात पोचलो आणि बघतच राहिलो! एक टोळकं खोडाला हातांचा वेढा घालून झाडाचं माप घेत होतं. एका पोराने काटक्यांचा एवढा सुबक 'क्ष' काढला होता की मला आजही वहीत तसा जमत नाही. दोघी जणी बियांच्या वाटण्या करता करता भांडत होत्या आणि त्या भांडणाला ताई भागाकार म्हणत होती. मोकळ्या जागेत दगडांची चूल, तिच्यावर किटली, आणि भोवती आखलेल्या रेघेच्या आत एकाचंही पाऊल नाही. आमच्या ऑफिसात पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहा म्हटलं तर साहेबसुद्धा ऐकत नाहीत!

"मुंगूस, रेघेच्या मागे!" ताई ओरडली. मी चटकन पाय वर घेतले. मुंगूस काही दिसलं नाही.

मुलांनी मला घेरलं. मी त्यांना लिफ्टच्या गोष्टी सांगितल्या, दाराच्या फटीतलं वाक्य तर साभिनय करून दाखवलं. सगळी खिदळली. एकच मुठीएवढी मुलगी गप्प होती. विझलेल्या कोळशाने ती स्वतःच्या पिवळ्या रेनकोटवर रेघा ओढत बसली होती.

"ही शाळेत बोलतच नाही," ताई हळूच म्हणाली. "हेडसर रोज फाटकावर नाव विचारतात, ही दप्तरामागे लपते. इथे निदान कुजबुजते तरी. तेवढ्यासाठी तरी हे रान राहायला हवं रे." ताईचा आवाज जरा हलला. मला भरून आलं. म्हटलं, आज बहिणीसाठी काहीतरी करून दाखवायचंच!

"मी चुलीसाठी वाळकी लाकडं आणतो!"

"एकट्याने जायचं नाही हं! इथे कोणीच एकटं जात नाही." मग माझ्या पाठीमागे बघून ती हसली. "बरं जा. वाघ आहे!"

वाघ! लहानपणी झुरळ दिसलं की मी हिच्या पाठीमागे लपायचो. तीच ताई आज मला वाघ म्हणाली! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण कुरकुरलं. त्या तोऱ्यात मी गरजेपेक्षा बराच आत गेलो.

बऱ्यापैकी मोळी जमली होती, तेवढ्यात लांबून शिट्टी वाजली. मग ताईचा आवाज आला. "वाघ कुठे राहिला?"

मी हसलो. आता 'हा काय मी' म्हणणार, तोच एक पोरगा खणखणीत ओरडला, "बाई, वाघ काकांच्या मागे गेलाय!"

मोळी खाली पडली.

या रानात डासाहून हिंस्र काही नाही, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं डोक्यात असतं आणि भीती पायात असते! मी हळूच मान वळवली. झुडपाच्या आड काहीतरी हललं. पिवळं. त्यावर काळे पट्टे!

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एकदम झाडावरचं. दोन्ही हातांनी फांदी कवटाळलेली, एक चप्पल पायात, दुसरी देवाघरी. आणि मी कोकलतोय, "वाघ! वाघ! वाघ!"

यावर मुलांनी पळून जावं की नाही? उलट खालून जल्लोष उठला, "सापडला! वाघ सापडला!" आणि ती सगळी चिल्लीपिल्ली जोडीजोडीने हात धरून, रांग न मोडता, वाघाच्याच दिशेने यायला लागली!

"मागे फिरा!" मी किंचाळलो. खाली उतरावं, मुलांच्या पुढे आडवं पडावं, असं माझ्या मनात आलं. मनात आलं, पायात आलं नाही.

मुलांच्या मागे ताई. आणि ताईच्या मागे, नवेकोरे बूट घातलेले हेडसर! नेमके त्याच क्षणी पोचले होते.

"वाघ?" हेडसरांनी तिथल्या तिथे एका ओंडक्यावर उडी मारली. "बाई, वाघ आहे इथे?"

"आहे ना, सर," ताई म्हणाली. "ये गं वाघोबा."

झुडपातून ती मुठीएवढी मुलगी बाहेर आली. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा रेनकोट, हातात माझी चप्पल. रानात प्रत्येक मूल एकेक प्राणी असतं आणि दिवसभर त्याच नावाने हाक मारायची असते, हे ताईने मला वाटेतच सांगितलं होतं म्हणे! माझी जोडीदार म्हणून ती पोर मुकाट्याने माझ्या मागून येत होती.

हेडसर ओंडक्यावरून उतरले. चेहरा लाल. "बाई, हा काय प्रकार आहे? मोठा माणूस इथे अडकून पडतो, तर लहान मुलांचं काय होणार? नाही, हे बंद करावं लागेल!"

ताईने माझ्याकडे एकदा बघितलं. झाड कोसळून मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं. "मी उतरतो, सर!" म्हणून मी दोन्ही पाय एकदम सोडले आणि फांदीला धुण्यासारखा लोंबकळलो.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"काका! घाबरू नका, मी इथेच आहे!"

ती ओरडली होती. ती, जी दप्तरामागे लपते!

"आधी पाय खालच्या फांदीवर टेकवा! दोन्ही! आता ऐका. बाईंचा नियम, तीन चिकटलेले, एक सुटा! हात-पाय मिळून तीन धरून ठेवायचे, एकच हलवायचा! डावा पाय खाली. अजून. अजून! तिथे खाच आहे. सापडली? शाब्बास! आता उजवा हात."

"घसरलो तर?"

"बोलू नका, काका! आधी हात!"

मी निमूट हात हलवला. उभ्या आयुष्यात मी कुणाचं इतकं ऐकलं नव्हतं. जमिनीला पाय लागले तेव्हा तिने चप्पल पुढे सरकवली. ताई सरळ रडत होती.

हेडसर तिच्यापुढे वाकले. कितव्यांदा तरी विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"वाघ!" ती गरजली.

हेडसरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाई, रान चालू राहू दे. मुलं इथे अगदी सुरक्षित आहेत. मोठ्यांचं मात्र काहीतरी करा!"

निघताना ताई म्हणाली, नाव घेतल्याशिवाय रानातून कोणी जात नाही. मुलांनी डोकी एकत्र करून बैठक घेतली. मी मनातल्या मनात हत्ती, गरुड, निदान अस्वल तरी, अशी तयारी ठेवली होती.

निकाल वाघाने जाहीर केला. "काका मांजर! मांजराला झाडावर चढता येतं, उतरता येत नाही."

"आणि मांजर वाघाची कोण असते?" ताईने डोळे पुसत आगीत तेल ओतलं.

त्याचा परिणाम असा, की काल मी शाळेवरून चाललो होतो. सोबत आमचे साहेब आणि नवं गिऱ्हाईक. तोच फाटकातून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी डरकाळी आली.

"मावशी! ए मावशी!"

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. काय करता! मी हात वर केला आणि म्हणालो, "हजर!"