म्हसोबाला लागलेली शेळी

गाडेकर साहेबांनी चहा नाकारला, तोही तिसऱ्यांदा, आणि तोही गिरिजाबाईंच्या दारात. पन्नास वर्षांत त्या दारात ग्रामसेवक, पोलीस, दोन डॉक्टर आणि एक चोर चहा पिऊन गेले होते. चोराने तर कप विसळून ठेवला होता. हा साहेब मात्र मांडीवर फाइल घेऊन सतरंजीच्या कडेला बसला आणि म्हणाला, सोडतीवर देखरेखीला आलोय, आयोजकांचं काही घेता येत नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायला. गिरिजाबाईंनी सुनेला, वंदनाला, त्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की याच्या आईने याला शिकवलं फार, वळण तेवढं द्यायचं राहिलं.

सोडत गिरिजाबाईंच्याच डोक्यातून निघाली होती. अंगणवाडीचे पत्रे वादळात उडाल्यापासून गावची एकवीस पोरं त्यांच्या ओसरीत बसत. दोन रांजण फुटले, पापड वाळत घालायला जागा उरली नाही, आणि दुपारची झोप तर त्या विसरूनच गेल्या होत्या. नव्या पत्र्यांसाठी त्यांनी आपली काळी शेळी बक्षिसाला काढली आणि पार केदारखेड्याच्या बाजारात तिकिटं खपवली. वंदनाने अर्ज करून तालुक्याहून परवानगी आणली, आणि परवानगीच्या मागोमाग हा साहेब आला. एक नियम मोडला की सोडत रद्द, पैसे ज्याचे त्याला परत, आणि पोरं आणखी एक वर्ष ओसरीत.

पारावर चिठ्ठी काढायला गिरिजाबाईंनी नातीला, अर्पिताला, वेणीफणी करून उभं केलं होतं. साहेब म्हणाले, आयोजकांच्या नात्यातलं चालणार नाही. मग सरपंच रामकिसन पुढे झाला, तो त्यांचा भाचा. दैवशाला उठली, ती चुलत नणंद. अंगणवाडीची बाई तर सख्खी विहीण. पारावर बसलेलं अख्खं गाव साहेबांनी एकेक करून बाद केलं.

"साहेब, माझ्या नात्यात नसलेले दोघंच हायेत हितं," गिरिजाबाई म्हणाल्या. "एक तुम्ही अन् दुसरी ती शेळी."

साहेबांनी फाइल चाळली, बाह्या वर केल्या आणि चिठ्ठ्यांच्या घागरीत स्वतःच हात घातला. चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"म्हसोबा," ते म्हणाले. "आडनाव नाही."

गावाने हात जोडले. इथे पेरणीची पहिली मूठसुद्धा देवाच्या नावाने पडते; तसं ज्याने त्याने पहिलं तिकीट म्हसोबाच्या नावाने फाडलं होतं. अशी चौऱ्याण्णव तिकिटं निघाली. यातलं हे कुणाचं, असं साहेबांनी विचारलं, तर कुणी जागचं हललं नाही. देवाला लागलेलं आपलं म्हणायची छाती कुणाला होती? फक्त ओसरीतल्या पोरांपैकी पप्पूने विचारलं, मंग शेळी कापायची का देवाला. गिरिजाबाईंनी त्याला नजरेनेच खाली बसवलं.

"विजेता सज्ञान पाहिजे. ओळखपत्र आणि सही लागते," साहेब म्हणाले.

"सज्ञान हायेत की. माझ्या आजेसासऱ्याच्या आधीपासून त्या बांधावर बसून राह्यलेत. सही पाहिजे तर तुम्ही जा, ते कुठं जात न्हाईत."

दुसरी चिठ्ठी काढा, असं रामकिसनने सुचवलं. साहेबांनी मान हलवली. एका बक्षिसाला एकच चिठ्ठी. ओसरी, रांजण, एकवीस पोरं, सगळं गिरिजाबाईंच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेवढ्यात वंदनाने परवानगीचा कागद मागून घेतला आणि पाठीमागची बारीक अक्षरं सावकाश वाचून दाखवली. विजेता हजर नसेल तर सोडत कायम. बक्षीस तीस दिवस देखरेख अधिकाऱ्याच्या ताब्यात. त्यानंतर लिलाव, आणि ते पैसेही त्याच कामाला.

गाव साहेबांकडे बघू लागलं. साहेब शेळीकडे.

"मी भोकरदनला दुसऱ्या मजल्यावर राहतो," ते म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा आला. "भाड्याने."

"राहा ना. जिना चढती ती."

साहेबांनी पावती लिहायला घेतली: एक शेळी. गिरिजाबाईंनी पावतीवर बोट ठेवलं. "काळी, गाभण, असं लिहा. वीसेक दिवसांत व्याईल. मंग पिल्लं म्हसोबाची का सरकारची, तेवढं फाइलीत बघून ठेवा."

साहेबांनी तसं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. म्हसोबाची ती चिठ्ठी साहेबांनी गुपचूप खिशात घालून दुसरी काढली असती तरी गावात कुणी हूं की चूं केलं नसतं, हे गिरिजाबाईंच्या ध्यानात आलं होतं. टेम्पोत साहेब शेळीचं दावं मनगटाला गुंडाळून बसले, शेळीने त्यांच्या फाइलीचा कोपरा तोंडात धरला, आणि गिरिजाबाई पदर खोचत टेम्पोपाशी गेल्या.

"साहेब, आमचे जावई असते तर पहिल्या दिवाळीलाच मी तुम्हाला माघारी धाडलं असतं," त्या म्हणाल्या. "पण देवाची वस्तू सांभाळायला माणूस तुमच्यासारखाच लागतो."