क्रमांक सात, जेवणानंतर

दुपारी पाऊण वाजता स्वल्पविरामरावांना भूक लागली आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

तसे ते शिस्तीचे गृहस्थ. अकरा शेजारी देशांनी मिळून पर्यावरणासाठी जे एक संयुक्त कार्यालय थाटलं होतं, तिथे ते मसुदे लिहायचे. अकरा मंत्री बोलायचे, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना स्वल्पविरामरावांच्या मसुद्यावरून कळायचं. एकदा एका स्वल्पविरामासाठी त्यांनी अख्खी बैठक दुपारपर्यंत अडवून धरली होती, तेव्हापासून हे नाव चिकटलं. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

त्या वर्षी पुढच्या तीस वर्षांचे अग्रक्रम ठरवायचे होते. एकूण सात. एकदा ठरले की तीस वर्षं त्यांना हात लावायचा नाही, असा नियम. पर्यावरण बिघडलं तरी चालेल, मसुदा बिघडता कामा नये! पहिले सहा अग्रक्रम चुटकीसरशी मंजूर झाले, कारण त्यांत कुणालाच काही करायचं नव्हतं. हवेविषयी आस्था बाळगावी, जंगलांकडे सहानुभूतीने पाहावं, प्राण्यांची वेळोवेळी आठवण ठेवावी, असा सगळा प्रकार. घोडं अडलं ते सातव्यावर. सातवी होती नदी.

ही नदी वरच्या देशात उगम पावायची, मधले देश ओलांडायची आणि खालच्या देशात समुद्राला मिळायची. वाटेत ती नेमकी स्वल्पविरामरावांच्या घरामागून जायची. जायची म्हणजे सरकायची. वर फेस, खाली गाळ आणि मध्ये अकरा देशांचा केरकचरा. स्वयंपाकघराची खिडकी सहा वर्षांत उघडली नव्हती.

"अहो, अकरा देश तुमच्या शब्दावर चालतात म्हणता ना?" बायको आमटीला फोडणी देता देता घाम पुसत विचारायची. "मग एवढी एक नदी नाही बसवता येत त्यात?"

"बसवतो गं. दोन्हीकडचे ऐकत नाहीत."

"तीस वर्षांनी मी पंच्याहत्तरची होईन. तेव्हा उघडू खिडकी?"

तीन वर्षं ते वरच्या आणि खालच्या देशाच्या प्रतिनिधींच्या मागे हात धुऊन लागले होते. वरचा म्हणायचा, घाण आमची नाही. खालचा म्हणायचा, मग काय समुद्रातून उलटी वर चढली? शेवटी एका सकाळी, कोण जाणे कुठला मुहूर्त होता, दोघांनीही फोनवर एका वाक्याला होकार दिला: 'नदीकाठच्या प्रत्येक देशाने आपापली घाण दहा वर्षांत स्वतः काढावी.' वाक्य इतकं सरळ होतं की लिहिणाऱ्यालाच धडकी भरली. पण एवढा आनंद रिकाम्या पोटी सोसवेना. म्हणून वाक्य जेवून आल्यावर लिहायचं ठरवून मसुद्यात सातव्या क्रमांकापुढे त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे स्वतःसाठी एक आठवण लिहून ठेवली, 'हे आत्ता राहू द्या, जेवण झाल्यावर बघू', आणि डबा घेऊन ते खाली गेले.

ठीक एक वाजता जावक विभागानं मसुदा अकराही देशांना पाठवून दिला.

"अहो, वाचलं तरी का?" परत आल्यावर स्वल्पविरामराव जावकच्या कारकुनावर जवळजवळ ओरडलेच.

"वाचायचं काम आवकचं," जावक शांतपणे म्हणाला. "माझं काम पाठवायचं. एकला पाठवा असं बाईंनीच सांगितलेलं."

बाई म्हणजे सरचिटणीस बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"गेलेला मसुदा कार्यालयाला मागे घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी पाचपर्यंत कुणाची हरकत आली नाही, तर मंजूर. मौनं संमतिलक्षणम्."

"पण बाई, जेवणाचं वाक्य तीस वर्षं राहील!"

"मग एखाद्या देशाला हरकत घ्यायला सांगा. एकानं घेतली तरी पुरे."

ऐकायला किती सोपं! पण हरकतींना आळा बसावा म्हणून या अकरा शहाण्यांनी आणखी एक नियम करून ठेवला होता. जो हरकत घेईल, त्यानं पुढची बैठक आपल्याकडे भरवायची, सगळ्यांच्या राहण्याखाण्यासकट. या नियमानंतर हरकती अशा थांबल्या की विचारू नका.

स्वल्पविरामरावांनी आधी खालच्या देशाला फोन लावला. नुकसान त्याचंच सगळ्यात जास्त होतं.

"वाचलं मी सातवं," प्रतिनिधी म्हणाला. "माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो."

"मग घ्या ना हरकत!"

"आणि परत ती वरात बोलावू? मागच्या खेपेला तीन दिवसांसाठी म्हणून आले, नऊ दिवस हलले नाहीत. एक शिष्टमंडळ तर सासूला घेऊन आलं होतं. नदीचं काय, वाहतेच आहे. त्यापेक्षा तुम्ही वरच्याला सांगा."

वरच्याचा आवाज फोनवरूनच खुललेला वाटत होता.

"स्वल्पविरामराव, कमाल केलीत! सकाळच्या वाक्यावर मी हो म्हटलं आणि मग पस्तावलो. म्हटलं, आता साहेबांना काय सांगू? पण तुम्ही असा मार्ग काढलात!"

"मी मार्ग काढला नाही हो, मी जेवायला गेलो होतो."

"हाच तुमचा मोठेपणा," वरचा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मधल्या देशांपैकी दोघांनी मसुदा उघडलाच नव्हता. एकानं उघडला होता, पण तो मागच्या वर्षीचा. शुक्रवारी पाचला पाच कमी असताना फोन वाजला तेव्हा स्वल्पविरामरावांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

"क्रमांक सातविषयी बोलायचंय," पलीकडून मधल्याच आणखी एका देशाचा प्रतिनिधी म्हणाला.

"बोला, बोला! हरकत ना?"

"छे हो! आमच्या मंत्र्यांना भारी आवडलं. ते म्हणतात, हे एक नंबरला हवं होतं. पण तसं म्हटलं तर ती हरकत होईल, म्हणून आपलं तोंडी कळवतोय."

पाच वाजले. एकही हरकत आली नाही, आणि क्रमांक सात मंजूर झाला. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर स्वल्पविरामरावांनी बायकोला सगळं खरं खरं सांगितलं. ती बंद खिडकीजवळ जाऊन नुसती उभी राहिली. आपल्या एका डब्यापायी हिची तीस वर्षं गेली या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना.

सोमवारी मोठ्या सभागृहात समारंभ होता. अध्यक्ष मंत्री सातव्या अग्रक्रमावर पाऊण तास बोलले.

"आधी पोटोबा, मग विठोबा!" ते मूठ आपटून म्हणाले. "आमची जनता आधी जेवेल, मग नदीकडे बघेल. गरिबांच्या भुकेचा इतका सखोल विचार आजवर कुठल्याही मसुद्यात झाला नव्हता."

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत स्वल्पविरामरावांचं डोकं सटकलं. नोकरी गेली तर गेली, म्हणून ते उभे राहिले.

"माफ करा. ते जेवण माझं होतं."

"कुणाचं?"

"माझं. मी डबा खायला चाललो होतो. ते धोरण नाही, माझी स्वतःची आठवण आहे. त्या जागी नदीचं वाक्य येणार होतं."

सरचिटणीस बाईंनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष गोंधळून सगळ्यांकडे बघू लागले. चूक मान्य करावी, तर अकरा देशांपैकी एकानंही मसुदा नीट वाचला नाही हे उघड होणार! तेवढ्यात वरच्या देशाचा प्रतिनिधी उठला.

"झालं का मग तुमचं जेवण?" त्यानं प्रेमानं विचारलं.

"झालं की. त्याच दिवशी, दीड वाजता."

"मग बघा की आता! मसुद्यात स्वच्छ लिहिलंय, जेवण झाल्यावर बघू. ज्याचं जेवण, त्यानं बघायचं."

सभागृहानं सुटकेचा नि:श्वास टाकला. अकरा देशांची संपूर्ण नदी, उगमापासून मुखापर्यंत, दोन मिनिटांत एकमतानं स्वल्पविरामरावांच्या गळ्यात पडली. सर्वांत जोरात टाळ्या खालच्या देशानं वाजवल्या. दुसऱ्या दिवशी हुकूम हातात आला. त्यात पद होतं, जबाबदारी होती, तीस वर्षांची मुदत होती. माणसं आणि साधनं या रकान्यापुढे 'शुभेच्छा' असं लिहिलं होतं.

हुकूम वाचून बायको कधी नव्हे ती हसली.

"आता तरी कुणाला विचारायला नको ना?" ती म्हणाली. "चला, उठा."

रविवारी दोघं मागच्या काठावर उतरली. लांब बांबूला आकडा बांधला आणि हाताला येईल ते ओढून पोत्यात भरायला सुरुवात केली. बाटल्या, चपला, एक अख्खी गादी, आणि मागच्या परिषदेचा 'स्वच्छ जल' लिहिलेला फलक. शेजारच्यांनी आधी नावं ठेवली, मग काठावर खुर्च्या टाकून नावं ठेवली. वर्षभर कधी पाठ धरली, कधी पाऊस आडवा आला; पण चौदा पोती भरली. वर्षाअखेरीस स्वल्पविरामरावांनी अहवालात प्रामाणिकपणे दोनच शब्द लिहिले, 'चौदा पोती', आणि जावकनं ते एक वाजता अकराही देशांना पाठवून दिले.

महिन्याभरानं गुळगुळीत कागदावर छापलेला प्रगतीचा ग्रंथ घरी आला. पहिल्या सहा अग्रक्रमांपुढे 'अभ्यास सुरू आहे' असं होतं. सातव्याला मात्र दोन अख्खी पानं दिली होती, मंत्र्यांच्या हसऱ्या छायाचित्रांसह. बायको चष्मा लावून वाचायला बसली.

"अहो, यांनी एकशे चौपन्न पोती छापलीत!"

"हो. प्रत्येक देशानं आपली म्हणून चौदा दाखवली. अकरा चोक चव्वेचाळीस, अकरा दाहे एकशेदहा. बेरीज बरोबर आहे, मी तपासली."

"पण आपण तर चौदाच काढली."

"चौदाच."

तिनं बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि ग्रंथ मिटला.

"मग बाकीची एकशेचाळीस कुठायत?"

"नदीत," स्वल्पविरामराव म्हणाले.