निदान : भोपाळ

डॉक्टर मुळ्यांसमोर नुसतं 'डोकं दुखतंय' म्हणून भागत नसे. आमच्या उज्जैनच्या इस्पितळाच्या तातडीच्या खोलीत बाकीचे डॉक्टर अशा माणसाला पुडी देऊन वाटेला लावत. मुळ्ये त्याला स्टुलावर बसवून म्हणत, "सिर बाद में, पहले कहानी." दुखणं हळूहळू चढलं की एकदम, उजेड सोसतो का, उलटी झाली का, सगळं विचारून शेवटी हनुवटी छातीला लावायला सांगत. मी तिथला बाबू, चिठ्ठ्या लिहिणारा. रांग बाहेरच्या लिंबापर्यंत गेली की शिव्या मला बसत.

पण त्या कहाण्यांतून रोग निघत, हे कबूल केलं पाहिजे. फ्रीगंजातल्या एका शेटजींची पगडी त्यांनी जरा सैल केली आणि त्यांचं महिन्याचं दुखणं गेलं. भैरवगढच्या, कापडावर ठसे छापणाऱ्या एका छिप्याला रंगाच्या हंड्याजवळून उठून मधूनमधून अंगणात फिरायला सांगितलं. निर्जळी उपास करून आलेल्या एका पंड्याला चहा पाजला; तो चहा प्यायला आणि वर दक्षिणाही मागू लागला.

मग छप्पन साली मध्य भारत राज्य मोडलं, राजधानी भोपाळला गेली, आणि उज्जैनच्या निम्म्या कारकुनांची डोकी एकदमच दुखायला लागली. तिकडची बदली टाळायला प्रत्येकाला सर्टिफिकेट हवं होतं. मुळ्ये प्रत्येकाची कहाणी ऐकत आणि निदानाच्या रकान्यात शांतपणे लिहीत : भोपाळ. आम्ही पोट धरधरून हसलो. आमचे मोठे साहेब मात्र हसले नाहीत. बारापर्यंत रांग संपली नाही तर तुम्हालाच लांब फेकतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं. मुळ्ये घाबरले. ते एकटेच होते, इस्पितळाच्या आवारातच राहत, आणि आमच्या त्या कळकट खोलीवर त्यांचा भलताच जीव होता.

दुसऱ्याच दिवशी तहसिलीतला जोगळेकर नावाचा कारकून आला. डोळ्यांवर रुमाल दाबून उभा होता. मी चिठ्ठी लिहीत असताना मला म्हणाला, फायलींचा गठ्ठा उचलला आणि डोक्यात एकदम काहीतरी फुटल्यासारखं झालं. मी ऐकलं. पण बारा वाजत आले होते आणि मला घरी जेवायला जायचं होतं. मी आत जाऊन मुळ्यांना सांगितलं, "साहेब, हा पण भोपाळच. निपटवून टाका."

मुळ्ये घुटमळले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता पुडी दिली.

तिसऱ्या दिवशी जोगळेकर मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. वेळेवर ओळखलं असतं तरी तो वाचला असता का, कुणास ठाऊक. निदान उन्हातून पायी घरी तरी गेला नसता. त्याची बायको इस्पितळात येऊन एवढंच विचारत होती, की ह्यांना कुणी काही विचारलं का नाही?

चौकशी लागली. मी मुळ्यांच्या खोलीवर गेलो. जोगळेकर मला काय म्हणाला होता, ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी लिहिलेला जबाब मला वाचायला दिला. त्यात माझं नावसुद्धा नव्हतं.

"मी सांगतो ना साहेब, खरं काय ते," मी म्हणालो. मलाच ते पोकळ वाटलं.

"राहू द्या, बाबूराव. विचारायचं काम माझं होतं. तुमच्या घरी पाच माणसं आहेत, कशाला सगळ्यांना परेशान करता? मला कुठंही पाठवलं तरी घरी जाऊन कुणाला सांगावं लागत नाही."

मी राहू दिलं. माझा मलाच संताप आला, पण राहू दिलं.

त्यांना कुठल्याशा आडगावच्या दवाखान्यात पाठवलं. पोचवायला स्टेशनवर कुणीच गेलं नाही, असं नंतर हमाल म्हणाला. मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. तासाभराची सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.