भिंतीवरची पातळी

आमच्या शेजारच्या सोनकांबळे काकांच्या पुढच्या खोलीत, भिंतीवर, धरणाला असते तशी पट्टी रंगवलेली आहे. काळ्या-पांढऱ्या रंगात वीस घरं. वर एक, खाली वीस. अठराच्या वर एक लाल रेघ आणि तिच्याखाली सुबक अक्षरात लिहिलंय : मृतसाठा. दर रविवारी सकाळी आठ वाजता काका अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून त्या पट्टीसमोर उभे राहतात, चष्मा पुसतात आणि एक लाकडी बाण खिळ्यावरून काढून दुसऱ्या खिळ्यावर अडकवतात. मग मोठ्याने म्हणतात, "पातळी सोळा."

ही पातळी कुठल्या धरणाची नाही. इंग्लंडातल्या एका फुटबॉल संघाची आहे : वीस संघांत तो कितवा, ते. तळाचे तीन संघ हंगामाअखेर खालच्या गटात ढकलले जातात, म्हणून ती लाल रेघ.

काका मूळचे चाकूरकडचे. पण सगळी नोकरी विष्णुपुरीला धरणावर पाणी मोजण्यात गेली. त्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. त्या संघाच्या गावाचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. काका त्याला "आपली टीम" म्हणतात. त्यांच्या बायकोचं, सुमनमावशींचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, "नोकरी सुटली, पर मोजायचं खूळ सुटंना."

मला त्या खुळाशी काही घेणं नव्हतं. मला ती खोली पाहिजे होती.

माझं फरशीचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे. मुदखेडहून रिकाम्या हातानं आलेला माणूस आहे मी. फरशीचे बॉक्स डोक्यावर वाहिलेत, आज त्याच फरशीचं दुकान आहे. नांदेडात माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस अजून मला भेटायचा आहे. फक्त ही दहा बाय बाराची खोली चार वर्षं माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात कुसळासारखी रुतून बसली होती. मी वाढीव दर सांगितला, बदल्यात मागच्या अंगणात नवी खोली बांधून देतो म्हटलं, एकदा आवाजही चढवला. काका शांतपणे म्हणायचे, "बघू शेट. एवढ्यात निकाल लावायचा न्हाई."

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या टीमचा हंगाम सुरू झाला आणि पहिले तीन सामने ती हरली. बाण थेट विसावर. मी संधी ओळखली. माणूस पडत्या मालावर बसलेला असला की भाव करायचा असतो.

"काका, तुमची टीम गेली बघा."

"तीन सामन्यांत काय कळतंय? पयल्या पावसावर धरणाचा अंदाज बांधणारा माणूस आमच्या खात्यात टिकत न्हाई."

"मग किती सामन्यांत कळतं?"

"दहा."

"ठीक. दहाव्या सामन्यानंतर बाण लाल रेघेच्या खाली असला तर खोली मला विकायची. वर असला तर पुन्हा विषय काढणार नाही. जबान?"

काकांनी बाणाचा खिळा चाचपला. मग म्हणाले, "जबान."

मावशींनी आतून भांडं आपटलं. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण सौदा जमत असताना मी भांड्यांचे आवाज ऐकत नाही.

तेव्हापासून मी फुटबॉलचा अभ्यासक झालो. संघ हरावा म्हणून एवढा अभ्यास करणारा नांदेड-लातूर पट्ट्यात मी एकटाच असेन. फोनवर सगळे आकडे मिळतात : कोणी किती वेळा गोलाकडे चेंडू मारला, किती वेळा तो जाळ्याच्या रोखानं गेला, आणि मारलेल्या जागा बघता किती गोल व्हायला पाहिजे होते. दर रविवारी ते पाठ करून मी आठ वाजता हजर.

"काका, सहा सामन्यांत तुमच्या टीमनं धड गोल केले न्हाईत. वरून खाऊन राहिलेत."

"गोल म्हंजे पातळी, शेट. पातळी आजची असते. मी पाणलोटातला पाऊस बघून राहिलो." त्यांनी वही पुढे केली. "हे बघा. गोल व्हायला पाहिजे होते ते जास्ती हायत, झाले ते कमी. चेंडू दोनदा खांबाला लागला. एकदा त्यांचा गोलकीपर कुठून मधी आला, देवाला ठाऊक. वर पाऊस झालाय. पाणी वाटेत हाय."

"माझ्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक येतं, फरशी बघतं, चहा पितं, निघून जातं. त्याला मी धंदा म्हणत न्हाई!"

"पर गिऱ्हाईक येतंय न्हवं? बुडणाऱ्या दुकानात येत न्हाई."

मी तडक निघालो. घरी जाऊन बायकोवर ओरडलो.

आठव्या सामन्याला ते जिंकले. नवव्यालाही जिंकले. बाण पंधरावर गेला आणि माझी भूक गेली. त्यांचा एक खेळाडू गोलासमोर मोकळा उभा होता आणि त्यानं चेंडू आकाशात मारला, तेव्हा मी "अरे गाढवा!" म्हणून ओरडलो. मग माझ्या लक्षात आलं, मी तर खूश व्हायला पाहिजे होतं.

दहावा सामना दिवाळीच्या तोंडावर आला. काकांच्या टीमनं चेंडूचा मारा केला, पण गोल एकही नाही. समोरच्यांनी गोलाकडे एकदाच चेंडू मारला, तो यांच्याच खेळाडूच्या पाठीला लागून जाळ्यात गेला. इतर निकालही माझ्या बाजूनं लागले. टीम अठरावर.

रविवारी मी पेढे आणि मोजपट्टी घेऊन गेलो.

काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. चष्मा पुसला. बाण काढला आणि लाल रेघेखाली अडकवला. "पातळी अठरा," ते म्हणाले. आवाज नेहमीइतकाच मोठा. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"आकडे तुमच्या बाजूनं होते, काका," मी म्हणालो. जिंकल्यावर दोन गोड शब्द बोलायला काही लागत नाही.

"होते. पर सौदा पातळीचा होता. पातळी मी कधी खोटी लिवली न्हाई."

मी मोजपट्टी उघडली. भिंतीलगत एक लोखंडी खाट होती, गादी गुंडाळून ठेवलेली. ती सरकवायला लागलो, तेवढ्यात काकांनी फोन काढून भिंतीचा फोटो घेतला. नीट आला नाही म्हणून परत घेतला. म्हणाले, "शेट, जरा बाजूला व्हता का? खाट बी दिसाया पायजे." मग वहीतले आकडे एकेक करून टिपायला ते फोन घेऊन व्हरांड्यात गेले.

"कुणाला पाठवतात हे?" मी मावशींना विचारलं.

मावशी पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होत्या. "मिलिंदला. आमच्या पोराला. तिकडंच ऱ्हातो तो, त्या टीमच्या गावात. दवाखान्यात कामाला हाय."

"मुलगा आहे तुम्हाला? कधी बोलला न्हाईत."

"काय बोलणार? इंजिनिअरिंगला पयल्या वर्षी दोन विषय ऱ्हायले. ह्यांनी जेवणाच्या ताटावर सांगितलं, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई, सोड. त्यानं कालिज बी सोडलं आन् घर बी. सहा वर्सं फोन न्हाई. मंग एक दिवस ह्यांच्या फोनवर त्याचं नुस्तं आलं, दोन-शून्य. ह्यांना वाटलं, कुठल्या तरी धरणाची पातळी हाय. इचारलं, कुठलं धरण? तर तो हसल्याची खूण आली." मावशींनी पदर तोंडाला लावला. "तवापासून आकडेच बोलतेत दोघं. तो इचारतो, पातळी किती? हे सांगतेत. तुझी तब्येत कशी, तू येतो का, ते अजून कुणी इचारलं न्हाई. पर दर रविवारी म्हणतो, भिंतीचा फोटो पाठवा. त्याचीच खोली हाय ना ही."

मी मोजपट्टी सोडली. ती सटकन आत गेली.

काका परत आले. मी विचारलं, "पट्टी आता कुठं रंगवणार?"

"व्हरांड्यात. फोटोत कळंल त्याला. काय इलाज? जबान दिली."

माझं डोकं फिरलं. रागीट माणूस आहे, मी लपवत नाही.

"दहा सामन्यांत काय कळतं हो? हंगाम अडतीस सामन्यांचा असतो ना? मला काय अडाणी समजलात? अर्ध्यात सौदा तोडून देता?"

"शेट, दहा तुम्हीच कबूल केले."

"मी फरशीवाला! तुम्ही पाण्याचे जाणकार. तुम्ही मला थांबवायला पाहिजे होतं!"

"बरं, मग पंधरा."

"अडतीस."

"वीस करा."

"अडतीस!"

"तीस. तुमचं बी मन ऱ्हाईल, माझी बी जबान."

"एक सामना कमी होणार न्हाई! माझ्याशी भाव करता?" किल्ली मी त्यांच्या खिशात कोंबली, पेढा तोंडात कोंबला आणि दुकानात आलो. आयुष्यात पहिल्यांदा एवढा भांडून सौदा केला आणि तो समोरच्याच्या फायद्याचा निघाला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता दर रविवारी आठ वाजता मी तिथे असतो. माल अडकलाय तिथे, लक्ष ठेवावं लागतं. गेल्या रविवारीही बाण लाल रेघेखालीच होता. काकांनी फोटो पाठवला, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "शेट, तुम्हाला काय वाटतं?"

मी वही ओढून घेतली. आकडे वाचले. खाटेवरची गादी कुणीतरी उलगडून त्यावर धुतलेली चादर घातली होती.

"वर पाऊस झालाय, काका," मी म्हणालो. "पाणी वाटेत हाय."